या कानाचे त्या कानाला

एखादी गोष्ट अगदी गुप्त राखावयाची असली, म्हणजे ‘या कानाचे त्या कानाला कळू देऊ नका’ असे आपण बजावतो. ध्वनीच्या बाबतीत निसर्गाला असे गुपित मुळीच मानवत नाही. उजवीकडे कोणी टाळी वाजविली, तर ती प्रथम उजव्या कानी पडते हे खरे. पण डोक्याला वळसा घालून तीच टाळी, किंचित उशिरा आणि किंचित मंद होऊन, डाव्या कानीही जाते. हेडफोन लावल्यावर मात्र हा वळसा नाहीसा होतो. त्यामुळे ऐकण्यात कोणते वैगुण्य येते आणि ते भरून काढण्यासाठी ‘क्रॉसफीड’ नावाची जी लहानशी विद्युत्-योजना करतात ती काय साधते, याचा आज विचार करू.

अगदी बाजूने आलेला ध्वनी दूरच्या कानास पोहोचण्यास जवळच्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका अधिक वेळ घेतो. एवढ्याशा विलंबावरून आपला मेंदू ध्वनीची दिशा ठरवितो! पण विलंब हा एकच पुरावा नव्हे. दर सेकंदास ५०० कंपने असलेल्या स्वराची लाट सुमारे ६९ सेंटिमीटर लांब असते. हातभर रुंदीचेही नसलेले आपले डोके तिच्यापुढे लहान, म्हणून ती सहज वळून पलीकडे जाते. ५००० कंपनांच्या स्वराची लाट मात्र जेमतेम ७ सेंटिमीटरांची; तिला डोके आडवे येते आणि पलीकडच्या कानावर डोक्याची जणू सावली पडते. खालच्या स्वरांची दिशा प्रामुख्याने दोन कानांमधील लाटांच्या मागेपुढे होण्यावरून आणि वरच्या स्वरांची त्यांच्या कमीअधिक तीव्रतेवरून कळते, असा सिद्धांत लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडला. ढोबळ मानाने तो आजही ग्राह्य आहे.

आता स्टीरिओ ध्वनिमुद्रणाकडे वळू. इंग्लंडमधील ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्याने १९३१ साली त्याचे पेटंट मागितले. समोर दोन लाउडस्पीकर असले, म्हणजे प्रत्येकाचा ध्वनी दोन्ही कानांस जातो. वाटा दोन नव्हेत, चार. या आडव्या वाटा म्हणजे योजनेतला दोष, असे कोणासही वाटेल. ब्लुमलाइनने त्यांनाच कामास लावले. दोन लाउडस्पीकरांच्या ध्वनीत नुसता तीव्रतेचा फरक ठेवला, तरी चारही वाटांच्या मिश्रणातून कानांशी मात्र विलंबाचा फरक उत्पन्न होतो आणि गायक अमुक जागी उभा आहे असा भास होतो. तात्पर्य, लाउडस्पीकरांसाठी केलेले मुद्रण हे त्या आडव्या वाटा गृहीत धरूनच केलेले असते.

हेडफोन नेमक्या याच दोन वाटा बंद करतो. बीटल्स या मंडळींच्या १९६३ सालच्या ‘प्लीज प्लीज मी’ या संग्रहाची स्टीरिओ आवृत्ती ऐकावी. वाद्ये बहुतांशी एका बाजूस व गळे दुसऱ्या बाजूस आहेत. खोलीत लाउडस्पीकरवर हे खपून जाते. हेडफोनमध्ये तेच ऐकताना एका कानी निव्वळ वाद्ये, दुसऱ्या कानी निव्वळ गाणे! खालचे स्वर एकाच कानी जोरात आणि दुसऱ्या कानी जवळजवळ शून्य, असा प्रकार निसर्गात केव्हा घडतो? डास कानाशी येऊन गुणगुणू लागतो तेव्हा. म्हणूनच असा ध्वनी कानाला चिकटल्यासारखा वाटतो आणि पुष्कळांना तासाभरात शीण येतो.

यावर १९६१ साली अमेरिकेत बेंजामिन बॉअर यांनी उपाय प्रसिद्ध केला. उजव्या बाजूच्या विद्युत्प्रवाहाचा काही अंश डाव्या कानी द्यावयाचा आणि डाव्याचा उजव्या कानी. पण तो जसाच्या तसा नव्हे. डोके वरचे स्वर अडविते, म्हणून सुमारे ७०० कंपनांच्या वरचे स्वर उतरते करावयाचे आणि त्यास थोडा विलंब लावावयाचा. १९७१ साली सीगफ्रीड लिंकविट्झ यांनीही असेच एक मंडल सुचविले. यातील गंमतीचा भाग असा की, विलंबासाठी निराळे यंत्र लागतेच असे नाही. एक रेझिस्टर आणि एक कंडेन्सर यांची जोडी ७०० कंपनांपाशी वरचे स्वर गाळण्यास बसविली, की तीच जोडी खालच्या स्वरांना सुमारे ०.२३ मिलिसेकंद उशीर लावते. समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर ठेवलेल्या लाउडस्पीकरचा ध्वनी दूरच्या कानास पोहोचण्यास जेवढा जादा वेळ लागतो, तो जवळजवळ इतकाच! दोन पैलू एकाच जोडीत साधले जावेत, हा निव्वळ योगायोग; पण कारागिराच्या दृष्टीने मोठा सुखाचा. खालचे स्वर बहुधा दोन्ही बाजूंस सारखेच मुद्रित असतात. त्यांत ही भर पडून ते फुगतात, म्हणून चांगल्या मंडलात सरळ वाटेवरील खालचे स्वर थोडे उतरवून घेतात.

मूळ ध्वनीत ढवळाढवळ नको, असे म्हणणारे शुद्धतावादी या योजनेस नाके मुरडतात. मला त्यांचे म्हणणे पटत नाही. मुद्रण करणाऱ्याने ज्या चार वाटांनी ऐकून तोल साधला, त्यांपैकी दोन तोडून ऐकणे हीदेखील ढवळाढवळच होय. मात्र क्रॉसफीडकडून भलती अपेक्षाही करू नये. गायक डोक्यातून निघून समोर बैठकीवर जाऊन बसेल, असे तो करीत नाही. त्यासाठी कानाच्या पाळीच्या वळ्या ध्वनीवर जे संस्कार करतात तेही हवेत, आणि मान वळविल्यावर ध्वनीत पडणारा फरकही हवा. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व हान्स वॉलाख यांनी १९४० साली दाखवून दिले होते. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांना या मंडलाचा उपयोग नाही, कारण तेथे दोन्ही बाजूंस एकच ध्वनी आहे. कृत्रिम मस्तकाच्या कानांत मायक्रोफोन बसवून केलेल्या मुद्रणास तर ते लावूच नये. त्या मुद्रणात डोक्याचा वळसा आधीच उतरलेला असतो, तो दुसऱ्यांदा कशाला?

परीक्षा करावयाची झाल्यास कळ लागोपाठ चालूबंद करून निर्णय देऊ नये. चालू करताक्षणी संगीत आक्रसल्यासारखे व काहीसे मंद वाटते, आणि पुष्कळजण तेथेच ती बंद करतात. अर्धा तास तशीच चालू ठेवावी, मग बंद करावी आणि दोन्ही कानांशी काय होते ते पाहावे.