वीकएण्डचा तुतारीवाला

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री छत्रपती संभाजीनगरहून चालत निघायचं आणि शनिवारी पहाटे खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घ्यायचं, हा आमच्या गँगचा वार्षिक कार्यक्रम. पंचवीसेक किलोमीटर चाल, दौलताबादच्या घाटात चहा, आणि सोमवारी ऑफिसात लंगडत एण्ट्री. गेल्या वर्षी खुलताबादेत शिरताना कुठून तरी तुतारी वाजली. झोपेनं पेंगुळलेले आम्ही सगळे एकदम ताठ! मी तिथल्या तिथे डिक्लेअर केलं, आपण ही शिकणार. मित्र फिदीफिदी हसले. गिटारचे तीन क्लास अर्धवट सोडलेला माणूस मी, त्यांचं तरी काय चुकलं?

वाजवणारे काका एका ओट्यावर फेटा सोडत बसलेले सापडले. शिकवाल का, म्हणून विचारलं, तर त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. ''साहेब, वाजवायला शिकायचंय का फोटू काढायला?''

पहिले दोन रविवार तुतारी हातात मिळालीच नाही. ओठ घट्ट मिटायचे, मधून हवा ढकलायची आणि लहान बाळासारखं फर्रर्र करायचं, बस्स. बाइकवर हेल्मेटच्या आत प्रॅक्टिस करत होतो, त्यामुळे सिग्नलवरची अब्रू वाचली. तिसऱ्या रविवारी ती वळणदार पितळी नळी ओठांना लावली, जीव खाऊन फुंकली. फुस्स!

''चूल फुंकायलास का?'' काका आता साहेबावरून थेट अरे-तुरेवर आले होते. ''गाल नको फुगवू. जोर पोटातून काढ.''

मग हळूहळू फंडा कळला. तुतारीला ना भोकं, ना बटणं. कंप पावतात ते आपले ओठ. नळी तो कंप मोठा करून बाहेर फेकते. ओठ आवळले की सूर वर चढतो, पण कुठलाही सूर मिळत नाही. खालचा सा, मग एकदम प, मग वरचा सा, त्याच्याही वर ग. जिन्याच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये पाय ठेवता येतो का? तसंच हे.

स्वित्झर्लंडच्या जाहिरातीत डोंगरावर उभा राहून एक जण लांबलचक लाकडी शिंग फुंकतो, आठवतंय? ते आल्पहॉर्न. त्याचाही नियम हाच. फक्त ती नळी साडेतीन मीटरच्या आसपास लांब, त्यामुळे तिच्या वरच्या पायऱ्या एकमेकींच्या जवळ येतात आणि धून वाजवता येते. आपली तुतारी त्यामानानं आखूड. पायऱ्यांमध्ये मोठी अंतरं, म्हणून तिच्यावर गाणं नाही, ललकारी! मला विचाराल तर आपलं वाद्य जास्त भारी.

त्या आल्पहॉर्नची गोष्टही सॉलिड आहे. 1805 साली इण्टरलाकेनजवळ (हो, यश चोप्रांचं इण्टरलाकेन) लोककलांचा मोठा उत्सव भरला, आणि आल्पहॉर्नच्या स्पर्धेला वादक आले फक्त दोन. वाद्य संपणार म्हणून लोक हादरले. मग 1826 च्या सुमारास नवी शिंगं बनवून घेतली गेली आणि ग्रिंडेलवाल्डमध्ये चक्क क्लास सुरू झाला. मी हे उत्साहानं काकांना सांगितलं.

''दोन व्हते? मग बरं व्हतं की त्यांचं.''

सुपारी जोडीची असते, दोन्ही बाजूंना एकेक तुतारी. काकांचे जोडीदार म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. त्यांचे पुढचे दात गेले आणि फुंकर बसेना. घरातली पोरं वाळूजला कंपनीत. फेब्रुवारी 2024 मध्ये 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका पक्षाचं निवडणूक चिन्ह झालं, त्या सीझनला कामं आली, पण शिकायला कोणी आलं नाही.

''मार्गशीर्षात एक लगीन हाय. येशील?''

खरं सांगतो, माझी टरकली. पण पुढचे सगळे रविवार गावाबाहेरच्या माळावर घासले. अजान सुरू झाली की काका हात वर करायचे, आम्ही थांबायचो, पाण्याची बाटली फिरायची, मग परत सुरू. ओठ सुजायचे. मीटिंगमध्ये लोक विचारायचे, डेण्टिस्टकडे गेला होतास का?

लग्न शहरातल्या एका लॉन्सवर. डोक्याला फेटा, अंगात भाड्याचा अंगरखा. प आला, वरचा सा फाटला, पण डीजेच्या दणदणाटात कोणाला कळलं नाही. वरातीत आमच्याच ऑफिसातला एक सीनियर नाचत होता. तो सेल्फीसाठी आमच्या मध्ये घुसला. ''ए, जरा सरक ना,'' असं काकांना म्हणाला. त्यांच्या निम्म्या वयाचा असेल. मला त्यानं ओळखलंच नाही.

बुफे लागला. आम्ही ताटं घ्यायला गेलो, तर कोणीतरी अडवलं. ''पाहुण्यांचं होऊ द्या, वाजंत्र्यांचं नंतर बघू.'' मी तोंड उघडणार, तोच काकांनी दंडाला धरून जनरेटरच्या मागे नेलं. पिशवीतून डबा काढला. भाकरी, ठेचा, कांदा. दोघांना पुरेल एवढं होतं. त्यांनी घरूनच हिशोब करून आणलं होतं.

सोमवारी तो सीनियर कॅण्टीनमध्ये सगळ्यांना सेल्फी दाखवत होता. ''काय एथ्निक फील आलाय ना?''

मी म्हटलं, ''डावीकडचा मी आहे.''

त्यानं फोटो मोठा केला. फेट्याखालचा चेहरा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ''अरे, सांगायचं ना!''

''उजवीकडचे माझे गुरुजी,'' एवढंच बोललो आणि डबा उघडला.

माघात आणखी दोन लग्नं आहेत. वरचा सा अजून फाटतोय.