जीपचे स्टिअरिंग ढिले का होते?

जुनी जीप सरळ रस्त्यावरही सरळ जात नाही. ड्रायव्हर हातातले चाक सारखे इकडे-तिकडे हलवीत असतो. शेजारी बसलेल्याला वाटते, त्याला तशी सवयच आहे. पण ती सवय नव्हे. त्याने हात थांबवला तर गाडी कडेला जाईल! अशा गाडीत दहा-बारा माणसे बसून घाट उतरतात. म्हणून हे दुखणे मालकाला आणि ड्रायव्हरलाच नव्हे, तर आत बसणाऱ्यालाही ओळखता यावे, असे आम्हांला वाटते.

जीप मुळात १९४१ साली अमेरिकेत लढाईसाठी बनू लागली. पुढे ती आपल्याकडे मुंबईतही तयार होऊ लागली. त्या घडणीच्या जुन्या गाड्या अजून खेड्यापाड्यांत दिसतात. त्यांची रचना साधी आहे. हातातले चाक फिरवले की त्याचा दांडा फिरतो. दांड्याच्या खालच्या टोकाला एक लोखंडी पेटी असते. तिला मिस्त्री लोक स्टिअरिंग बॉक्स म्हणतात. बॉक्समधून एक लोखंडी हात बाहेर येतो. तो सळ्यांना ओढतो, ढकलतो. आणि सळ्या पुढची चाके वळवतात. सळ्यांच्या टोकांना सांधे असतात. आपल्या खुब्यात हाडाची गोळी उखळीत फिरते ना, तसेच हे सांधे.

ओढा ओलांडताना सांध्यांत पाणी आणि माती जाते. वंगण संपते. मग गोळी झिजते आणि फट पडते. एका सांध्यातली फट डोळ्यांना दिसायचीही नाही. पण सगळ्या सांध्यांच्या फटींची बेरीज होते. शिवाय हातातले चाक पुष्कळ फिरवावे तेव्हा रस्त्यावरचे थोडे वळते. म्हणजे खालची बारीक फट वर हातात मोठी होऊन येते. याला मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. आपण खेळ म्हणू.

खेळ मोजणे सोपे आहे. इंजिन बंद ठेवा. पुढची चाके सरळ करा. हातातले चाक हलकेच एका बाजूला फिरवा. रस्त्यावरचे चाक हलू लागेल तिथे थांबा आणि खडूने खूण करा. मग दुसऱ्या बाजूला तसेच करा. (खडू आमच्या खिशात अजून सापडतो!) दोन खुणांमध्ये एखादा इंच अंतर जुन्या जीपला असायचेच. चार बोटे असेल तर गाडी उभी करा.

आता बहुतेकजण इथेच चुकतात. स्टिअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला की खेळ कमी झाल्यासारखा वाटतो. पाच मिनिटांचे काम, खर्च नाही. पण दोष सांध्यात असेल तर बॉक्स आवळून काय उपयोग? उलट जास्त आवळलेला बॉक्स आतून घासतो. चाक जड होते. वळणावर फिरवलेले चाक आपोआप सरळ व्हायला हवे. ते तिथेच अडून राहते. घाटात हे ढिल्या स्टिअरिंगपेक्षा वाईट. म्हणून बॉक्सला हात शेवटी लावायचा, आणि तोही जाणत्या मिस्त्रीने.

आधी टायरमधली हवा पाहा. हवा कमी असली तरी गाडी डुलते. मग मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. एकाने वर बसून हातातले चाक थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्यावर हात ठेवावा. एक बाजू हलली आणि दुसरी उशिरा हलली, की तो सांधा झिजला. बॉक्स चासीला जिथे बोल्टांनी बसवला आहे तिथेही पाहा. बोल्ट ढिले असतील तर सगळा बॉक्सच हलताना दिसतो. पाट्यांचे यू-बोल्टही तपासा.

नंतर एक चाक जॅकवर उचला आणि खाली जाड ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी शिरू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा. डुगडुगले तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर डुगडुग थांबली तर चाकाचे बेअरिंग ढिले आहे. तरीही राहिली तर किंग पिन झिजली. बेअरिंग पुष्कळदा नीट आवळून भागते. किंग पिन मात्र बदलावीच लागते.

झिजलेला सांधाही बदलायचाच असतो. काहीजण त्यावर वेल्डिंग करून आणतात. आम्ही म्हणतो, दारूगोळा घेऊन फिरा, पण अशा गाडीत बसू नका. वेल्डिंगजवळचे लोखंड कधी तुटेल, नेम नाही. आणि सळी तुटली की हातातले चाक नुसते गरगर फिरते. जुना सांधा काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवा आणि नवा तितकेच आटे फिरवून बसवा. नटातली आरपार पिन नवी घाला, जुनी सरळ करून नको. मग पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने खाऊन जातील.

काम झाल्यावर आधी मोकळ्या रस्त्यावर, एकही प्रवासी न घेता, हळू चालवून पाहा. आठवड्याने सगळे नट पुन्हा एकदा तपासा आणि सांध्यांना ग्रीस द्या.