आधी मोजणी, मग फलक
(लेखांक सहावा)

आरोग्याचा कार्यक्रम आखायला बसलेल्या माणसाचा हात पहिल्यांदा फलकाकडे जातो. भिंती रंगतात, शाळेची प्रभातफेरी निघते आणि अहवालात ‘जनजागृती झाली’ असे लिहिले जाते. लोकांना माहीत नाही म्हणून ते आजारी पडतात, हे यामागचे गृहीतक. ते काही वेळा खरेही असते. पण मोजणीआधी ते खरे धरून चालणे ही आखणीतली पहिली चूक. गडचिरोलीचे उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995-96 मध्ये 39 गावांतल्या 763 नवजात बाळांची घरोघरी जाऊन नोंद ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना औषधोपचाराची गरज होती. डॉक्टरपर्यंत पोचली ती शंभरातली जेमतेम तीन. बाळंतपणे बहुतेक घरीच होत आणि ओली बाळंतीण बाळाला घेऊन उंबरठा ओलांडत नसे. आता ‘बाळाला वेळेवर दवाखान्यात न्या’ हा फलक कितीही ठळक रंगवला, तरी तो वाचायचा कोणी? दवाखानाच घरात जायला हवा, हे उत्तर त्या नोंदवहीतून निघाले. गावातल्याच, पाच-दहा इयत्ता शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे आणि जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे त्या शिकल्या. या गावांत हजार जन्मांमागे 62 असलेले नवजात मृत्यू 1997-98 पर्यंत 25.5 वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या 47 गावांत ते साठाच्या आसपासच राहिले.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की ध्येयवेडे डॉक्टर पाठीशी असले की असे घडते, सरकारी यंत्रणेत नाही. आक्षेपात तथ्य आहे. देखरेख ढिली पडली की घरभेटी कागदावरच होतात. पण मग देखरेखीचा खर्च आराखड्यात पहिल्यापासून धरावा, एवढेच त्यातून सिद्ध होते. पद्धत चुकीची ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: मोजण्यात वर्ष घालवायचे आणि तोवर मुले मरू द्यायची? गडचिरोलीत मोजणाऱ्याच पुढे उपचार करणाऱ्या झाल्या, त्यामुळे त्या वर्षातच गावाचा विश्वास आणि हाताचा सराव दोन्ही जमले. न मोजता घाईने राबवलेला कार्यक्रम तेवढेच वर्ष खातो, फक्त त्याचा हिशेब कुठे मांडलेला नसतो.

गडचिरोलीतली ही पद्धत पुढे सरकारी यंत्रणेतही आली: केंद्र सरकारने 2011 मध्ये नवजात बाळाची घरच्या घरी काळजी ही योजना ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकांच्या हाती देशभर सोपवली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी 42 दिवसांत सहा घरभेटी ठरल्या. या सहा भेटींचा मोबदला ठरला 250 रुपये.