चिलखताचा शिंपी

२०११ च्या जुलैमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींनी एका पांढऱ्या प्लास्टिकच्या हेल्मेटवर निकाल दिला. हे हेल्मेट म्हणजे शिल्प आहे का, हा त्यातला एक मुख्य प्रश्न होता. 'स्टार वॉर्स' या १९७७ च्या चित्रपटातल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकांची शिरस्त्राणं लंडनच्या ट्विकनहॅम भागातल्या अँड्र्यू एन्सवर्थ यांनी बनवली होती. अनेक वर्षांनी त्यांनी जुन्या साच्यांवरून नवी हेल्मेटं काढून विकायला सुरुवात केली आणि लुकासफिल्म कंपनी कोर्टात गेली. शिल्प ठरलं असतं, तर कॉपीराइट दीर्घकाळ टिकला असता. ब्रिटिश न्यायमूर्तींनी मात्र सांगितलं की हे शिल्प नव्हे. चित्रपट घडवताना उपयोगी पडणारी ती एक वस्तू आहे, पोशाखाचा भाग आहे.

लुकासफिल्मला हा निकाल कडू लागला असेल. घरच्या घरी अंतराळयोद्ध्याचं चिलखत करायला निघालेल्या माणसाला मात्र यापेक्षा नेमका सल्ला मिळणार नाही. पहिल्यांदा करणारा जवळजवळ प्रत्येक जण मूर्तिकाराच्या थाटात सुरुवात करतो. छातीचा भाग टेबलावर देखणा दिसतो, हेल्मेट कपाटावर शोभतं, आणि सगळं अंगावर चढवल्यावर हात वर होत नाही, मान वळत नाही, जिना उतरता येत नाही. चिलखत हा कपडा आहे आणि त्याला शिंप्याची नजर लागते.

मुळातली चिलखतंही काही फार थोर कारागिरीची नव्हती. चित्रपटाचे संकल्पनाचित्रकार राल्फ मॅक्वारी यांच्या चित्रांवरून निक पेम्बर्टन यांनी हेल्मेटचा मातीचा नमुना केला आणि तो ओळखीच्या एन्सवर्थकडे नेला. एन्सवर्थ तेव्हा प्लास्टिकचे पत्रे तापवून, साच्यावर ताणून, खालून हवा शोषून वस्तू घडवायचे. छोट्या होड्या आणि बागेतली तळी हा त्यांचा माल. त्याच यंत्रावर हेल्मेटं निघाली. पहिली ऑर्डर पन्नास नगांची होती. घाई होती, पैसा बेताचा होता, त्यामुळे डावी-उजवी बाजू जुळत नाही, कडा वेड्यावाकड्या कापलेल्या आहेत. आजचे हौशी लोक हा वाकडेपणासुद्धा मिलिमीटरमध्ये मोजून उतरवतात. सरळ, नीटस हेल्मेट केलं तर ते 'चुकीचं' ठरतं!

आणि ते घालणाऱ्यांचे हाल? चित्रपटात एक स्टॉर्मट्रूपर दारातून आत येताना चौकटीवर डोकं आपटतो. दृश्य तसंच राहिलं आणि २००४ च्या डीव्हीडीत तर त्या आपटण्याला आवाजही जोडला गेला. सोनेरी यंत्रमानव सी-थ्रीपीओ झालेल्या अँथनी डॅनियल्स यांच्या डाव्या पायावरचा तुकडा ट्युनिशियातल्या चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी तुटून पावलात घुसला. सेटवर त्यांना बसता यायचं नाही, मध्ये विश्रांती घ्यायची तर फळीला टेकून. पडद्यावर काही सेकंद टिकायचं असतं, म्हणून सिनेमाला हे परवडतं. तुम्हाला कॉमिक कॉनसारख्या चाहत्यांच्या मेळाव्याच्या गर्दीत दिवसभर वावरायचं आहे, वडापाव खायचा आहे आणि बाथरूमलाही जायचं आहे.

म्हणून आधी पात्र निवडताना डोकं वापरा. सगळ्यांना स्टॉर्मट्रूपर हवा असतो, पण पहिल्या खेपेला तो सर्वांत वाईट. चकचकीत पांढऱ्या रंगावर प्रत्येक सांधा, प्रत्येक खरवड दिसते. त्याऐवजी 'स्टार वॉर्स'मधल्याच बोबा फेटच्या घराण्यातला मँडलोरियन योद्धा घ्या. त्याच्या अंगावर कापडी पोशाख असतो आणि छाती, खांदे, गुडघे अशा ठिकाणी सुट्या पट्ट्या बसवलेल्या. सांधे कापडाचेच राहतात, हालचाल मोकळी राहते, आणि रंग उडालेला, पोचे आलेला असणं हे त्याचं सौंदर्यच. आपल्याकडच्या जुन्या 'चार आईना' चिलखताची रचना अशीच होती. छातीला एक, पाठीला एक आणि दोन कुशींना दोन पत्रे, बगलेला खाच, पत्रे आपसांत पट्ट्यांनी बांधलेले आणि आत लवचीक कड्यांचं बख्तर. लोखंड शरीराबरोबर वाकत नाही, म्हणून ते जिथे वाकायला लागत नाही तिथेच ठेवायचं, हे त्या लोहारांना पक्कं ठाऊक होतं. पुण्यात असाल तर सामान आणायला जाण्याआधी राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या शस्त्रदालनात एक चक्कर मारा आणि नक्षीपेक्षा बांधणीकडे बघा.

सामानात राजा म्हणजे इव्हा फोम. व्यायामशाळेत किंवा लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकणाऱ्या दातेरी चटया अंथरतात, तोच. दहा-बारा मिलिमीटर जाडीचा छाती-पाठीला, पाच-सहाचा दंड आणि नडगीला, दोनचा बारीकसारीक नक्षीला. चटईची खरबरीत बाजू आत, गुळगुळीत बाहेर. थर्माकोलची आठवण गणपतीचं मखर केलेल्या प्रत्येकाला येईल, पण ते विसरा. २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे हे एक. शिवाय स्प्रे पेंट लागला की ते विरघळतं आणि अंगावर घातलं तर चुरा होतो.

दुसरी वाट कागदाची. पेपाकुरा नावाचं एक जपानी सॉफ्टवेअर आहे. संगणकातली घनाकृती ते उलगडून सपाट कागदावर मांडतं, कापायच्या आणि दुमडायच्या रेषांसकट. 'हेलो' या व्हिडिओ गेममधल्या मास्टर चीफची हिरवी चिलखतं जगभरातल्या पोरांनी अशीच केली. जाड कार्डशीटचं कवच जोडायचं, बाहेरून पॉलिएस्टर रेझिन लावायचं, आतून फायबरग्लासचे थर द्यायचे, आणि मग गॅरेजवाले गाडीचे पोचे बुजवायला वापरतात ती पुटी भरून घासत बसायचं. निकाल दगडासारखा कडक. पण रेझिनचा वास इमारतभर जातो, फायबरग्लासने अंग खाजतं आणि घासण्याला अंत नसतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हा मार्ग फक्त हेल्मेटपुरता ठेवावा, तोही गच्ची मिळत असेल तर.

थ्रीडी प्रिंटर आता घरोघरी नसला तरी ओळखीत कुणाकडे तरी असतोच. घरगुती यंत्राचा ओटा साधारण बावीस सेंटिमीटर चौरस असतो, त्यामुळे हेल्मेटसुद्धा बऱ्याचदा तुकड्यांत छापावं लागतं. नेहमीचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ते ठेवू नये. माझं मत विचाराल तर बंदुकीचे भाग, हेल्मेटची अँटेना, पट्ट्यावरच्या डब्या प्रिंटरवर काढाव्यात. सगळं अंगच छापून घेणारे लोक शेवटी पॉलिश पेपरचे गुलाम होतात.

खरं काम कटिंगचं. इथे माप आतले कपडे घालूनच घ्या. उभं राहून घेतलेलं माप अर्धसत्य असतं. मूठ आवळली की मनगटाखालचा हात फुगतो, बसलं की मांडी रुंदावते, हात उचलला की छातीचा वरचा काठ गळ्याशी येतो. प्रत्येक अवयवाचं माप दोनदा घ्यावं, सैल आणि आवळून, आणि कवच मोठ्या मापाचं करावं. उंचीच्या प्रमाणात सगळं वाढवायचं हा सोपा मार्ग फसवा आहे. सहा फुटी माणसाचे हात बुटक्या माणसाहून जाड असतातच असं नाही.

कागदी कटिंग मिळवायची नामी युक्ती अशी. डबे झाकायची पातळ प्लास्टिकची फिल्म अंगाभोवती गुंडाळायची, वरून मास्किंग टेप चिकटवत जायचं. दुसऱ्या माणसाने पेनने त्यावर चिलखताच्या रेषा काढायच्या, उजवी-डावी खूण करायची आणि कात्रीने हळूच उलगडायचं. हाती येतो तुमच्याच शरीराचा सपाट नकाशा. तो फोमवर ठेवून कापायचा. पण सपाट तुकड्याला छातीचा उभार कसा द्यायचा? हे आपल्याकडच्या कुठल्याही शिवणक्लासात शिकवतात. कटोरी ब्लाउजचं कटिंग जिला येतं, तिला फोमचं चिलखत येतं. टक्स जिथे घालायचे तिथे पाचरीसारखा भाग काढून टाकायचा, कडा जोडायच्या, सपाटाचा गोल होतो. तंत्रज्ञानावरचे व्हिडिओ रात्र-रात्र पाहणाऱ्या पोरांनी एक दुपार आत्याच्या शिलाई मशीनपाशी घालवली तर पुष्कळ फोम वाचेल.

कापायला कटर हवा आणि त्याची पाती सढळ हाताने मोडायला हवीत. बोथट पात्याने फोम फाटतो आणि सांधा कधीच बंद होत नाही. पातं फोमला काटकोनात धरलं तर कडा सरळ भिडतात, तिरकं धरलं तर दोन तुकड्यांचा कोन आपोआप तयार होतो. चिकटवायला सुतार सनमायकाला वापरतात तो फेविकॉल एसआर ९९८ किंवा तसलाच रबरी गोंद. दोन्ही कडांना पातळ थर, मग बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबणं, आणि मग एकदाच नेमकं जोडणं. ओला असताना जोडणारे लोक गोंदाला शिव्या देतात, पण गोंद निर्दोष असतो.

हीट गन हे या कामातलं सर्वांत आनंदाचं हत्यार. फोमवर गरम झोत फिरवला की पृष्ठभागाची छिद्रं मिटतात, किंचित तकाकी येते. तापलेला तुकडा गुडघ्यावर किंवा पातेल्यावर वाकवून थंड होईपर्यंत धरला की बाक कायम राहतो. पट्ट्यांच्या फटी दाखवायच्या असतील तर कटरने अर्ध्या जाडीपर्यंत रेघ मारावी आणि तिच्यावर झोत धरावा. रेघ डोळ्यांदेखत उघडते आणि दोन वेगळे पत्रे असल्याचा भास होतो. मात्र हे सगळं बंद खोलीत नको. तापलेल्या फोमचा धूर आणि गोंदातलं द्रावक दोन्ही छातीला वाईट. साधा एन-९५ मास्क घासकामाची धूळ अडवतो, वाफा अडवत नाही. त्यासाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने, आणि गोंद उघडा असेपर्यंत हीट गन बंद.

रंगाआधी फोमची तहान भागवावी लागते. पांढऱ्या फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून चार-पाच हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा. सांध्यांत अ‍ॅक्रिलिक सीलंट ओल्या बोटाने भरावं. मग जुनाट धातूचा देखावा. आधी सगळीकडे चंदेरी रंग, वाळला की कडांवर आणि जिथे घासलं जाईल अशा जागी टूथपेस्टचे ठिपके, त्यावर हिरवा किंवा तांबडा रंग. सगळं वाळल्यावर ठिपके पुसले की खालची चांदी डोकावते. शेवटी पाणी घातलेला काळा-तपकिरी रंग फडक्याने चोळून लगेच पुसायचा. कोपऱ्यांत तो राहतो, मळ वाटतो. कुठे घासलं असेल याचा विचार मात्र हवा. पिस्तूल ज्या बाजूला लटकतं तिथली मांडी झिजेल, पाठीचा मधला भाग कशाला झिजेल?

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे पट्टे, आणि चिलखत टिकतं किंवा पडतं ते तिथेच. मांडीचं कवच कितीही घट्ट केलं तरी चालताना खाली घसरतं, म्हणून ते कमरेच्या पट्ट्याला लटकवावं. खांद्याचं कवच दंडाला न बांधता गळ्याजवळच्या पट्टीतून लोंबू द्यावं, म्हणजे हात वर केल्यावर ते सरकून वाट देतं. कोपराच्या आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा मोकळी सोडावी. दप्तराला असतात तसली बकलं, रुंद इलॅस्टिक, वेल्क्रो आणि टिचबटणं भरपूर आणावीत. हे सगळं पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत फिरून मिळतं. वेल्क्रो नुसता चिकटवू नये, कापडाच्या पट्टीवर शिवून मग ती पट्टी फोमला चिकटवावी. घामाने गोंद सुटतो, शिवण सुटत नाही.

हेल्मेटमध्ये दोन शत्रू, वाफ आणि आंधळेपणा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा चाळीस मिलिमीटरचा पाच व्होल्टचा छोटा पंखा पॉवर बँकेवर चालतो. तो तोंडासमोर न लावता काचेकडे वारा जाईल असा वर बसवा. काचेसाठी मोटारसायकल हेल्मेटचा गडद वायझर कापून बसवता येतो. आतून भांडी घासायच्या साबणाचा पातळ हात देऊन पुसला की वाफ कमी धरते. तरीही पायाखालचं दिसणार नाही. गर्दीत बरोबर एक माणूस हवाच, हात धरायला आणि पाणी द्यायला.

ही हौस पोरखेळ वाटत असेल तर एक हकिगत ऐका. १९९७ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या अल्बिन जॉन्सन यांनी '५०१ वी लीजन' नावाची स्टॉर्मट्रूपरप्रेमींची संघटना सुरू केली. आज तिचे जगभर दहा हजारांहून अधिक सदस्य आहेत. पोशाख तपासून मगच प्रवेश मिळतो, आणि हे लोक ते घालून रुग्णालयांत मुलांना भेटतात, देणग्या गोळा करतात. २०१९ च्या 'द मँडलोरियन' या मालिकेच्या पहिल्या हंगामाच्या शेवटी स्टॉर्मट्रूपरांची मोठी तुकडी दाखवायची होती आणि निर्मात्यांकडे तेवढे पोशाखच नव्हते. त्यांनी याच लीजनला बोलावलं. लोक आपापली घरची चिलखतं घेऊन आले आणि पडद्यावर उभे राहिले. मूळ कंपनीला हौशी लोकांच्या कपाटातून कपडे उसने घ्यावे लागले.

घालण्याचाही क्रम असतो. आधी बूट, कारण नडगीचं कवच चढल्यावर वाकता येत नाही. मग नडगी, मांडी, छाती-पाठ, हात, कमरपट्टा, हातमोजे, आणि हेल्मेट अगदी शेवटी. घरी निदान एकदा सगळं घालून जिना चढा-उतरा, खुर्चीवर बसा, दाराच्या चौकटीतून जा. जिथे खुपतं तिथे त्याच रात्री खूण करा, कारण दुसऱ्या दिवशी ती जागा सापडत नाही. बाहेर निघताना पिशवीत चटकन चिकटणारा गोंद, काळी टेप, दोन जास्तीची बकलं, सुई-दोरा आणि पाण्याची बाटली ठेवा. आणि बाथरूमला लागणारा वेळ आधीच मोजून ठेवा.