पाय बरा झाला, पण दुखणे थांबेना!

रात्री अंधारात उठलात आणि उंबऱ्याला पायाचा अंगठा ठेचकाळला, तर तुम्ही काय करता? ‘आई गं!’ म्हणता आणि अंगठा चोळू लागता. चोळल्यावर जरा बरे वाटते. असे का वाटावे? चोळून काही जखम भरून येत नाही!

या साध्या प्रश्नाचे एक नामी उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी सुचविले. त्यांचे म्हणणे असे, की दुखापतीची वर्दी पायाकडून मेंदूकडे थेट जात नाही. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत तिला जणू एका फाटकातून जावे लागते. दुखापतीची वर्दी बारीक मज्जातंतूंतून येते, तर स्पर्शाची जाड तंतूंतून. आपण अंगठा चोळतो तेव्हा स्पर्शाचे संदेश गर्दी करून येतात आणि ते फाटक थोडे लोटून घेतात. पण खरी गंमत पुढेच आहे. हे फाटक वरूनही, म्हणजे मेंदूच्या हुकमानेही, उघडते आणि मिटते! या कल्पनेच्या तपशिलात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, गाभा मात्र टिकून राहिला.

खो-खोच्या सामन्यात फुटलेला गुडघा सामना संपेपर्यंत जाणवत नाही, हे तुम्ही अनुभवले असेल. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या डॉक्टरांनाही असेच दिसले. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश जणांना वेदनाशामक औषध नको होते. रणांगणातून जिवंत सुटलो, हीच त्यांच्या मनात मोठी गोष्ट होती, असा अर्थ बीचर यांनी लावला.

याची दुसरी बाजूही आहे. भीती, काळजी, अपुरी झोप यांनी ते फाटक सताड उघडे राहू शकते.

समजा, तुमच्या वर्गातील एका मुलीचा घोटा लंगडी खेळताना मुरगळला. महिन्याभरात सूज उतरली. क्ष-किरण चित्रात काही दोष नाही. पण तिला पाय टेकवत नाही. पायावर चादर पडली तरी ती कळवळते. पाऊल कधी गार पडते, कधी निळसर दिसते. आता घरचे म्हणू लागतात, “शाळा चुकवायचे नाटक आहे!” हे नाटक नव्हे, बरे का. डॉक्टर या विकाराला ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ म्हणतात. मुलांमध्ये तो हातापेक्षा पायात, आणि मुलग्यांपेक्षा मुलींत अधिक आढळतो. घोटा बरा झाला, पण मज्जासंस्थेतील धोक्याचा भोंगा कोणी बंदच केला नाही, असे काहीसे हे आहे. वेदना मेंदूत तयार होते याचा अर्थ ती खोटी असते असा नाही. ठेचेची वेदनाही मेंदूतच तयार होते!

मग ती मुलगी पाय जपते. जपल्याने स्नायू दुबळे होतात, पाय अधिक हळवा होतो, आणि पाऊल टाकताच पूर्वीपेक्षा जास्त दुखते. भीती वाढते. हे चक्र कुठे तोडायचे?

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी एक युक्ती वापरली. “दुखेपर्यंत चाल” असे सांगितले, की दुखल्यावर विश्रांती मिळते; म्हणजे दुखण्यालाच बक्षीस! त्याऐवजी पावले आधीच ठरवायची. आज २० म्हणजे २०. पाय कुरकुरला तरी कमी नाहीत आणि उत्साह आला तरी ४० नाहीत. परवा २२. विश्रांती मिळते ती पावले पुरी केल्याबद्दल.

जोडीला मनाची तालीम असते. श्वास सावकाश सोडणे, एकेक स्नायू आवळून सैल करणे, आणि ‘माझा पाय आता कायमचा गेला’ हा विचार पकडून त्याच्या जागी ‘दुखते आहे, पण इजा होत नाही’ हा खरा विचार ठेवणे. बोस्टनमधील डॉक्टरांनी २००२ साली ८ ते १७ वर्षांच्या २८ मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवडे व्यायाम आणि अशी मानसिक तालीम दिल्यावर बहुतेकांचे दुखणे घटले, चालणे सुधारले. काहींचे दुखणे पुढे उलटलेही, हेही सांगायला हवे. ही जादू नव्हे.

मात्र आधी डॉक्टरांची तपासणी हवीच. एकाच जागी दुखून रात्री झोपमोड होणे, ताप, सूज, वजन उतरणे, लंगडणे यांपैकी काही असेल तर मनाचे उपाय करीत बसू नये.

तपासणीत निर्धास्त झाल्यावर मोठ्यांचीही थोडी परीक्षा असते. “फार दुखतंय का गं?” असे तासातासाला विचारले, की मुलीचे लक्ष पुन्हा पायाकडेच जाते. शिक्षकांनी तिला कवायतीच्या तासाला वर्गात बसवून ठेवू नये. तिची ठरलेली पावले मैदानावर चालू द्यावी, मैत्रिणीने ती मोजावी. आणि ती बाकावर परत आली, की पायाची चौकशी न करता विचारावे, “कालचे भूमितीचे प्रमेय सुटले का तुला?”