सुटी मुलांची, काम घरचे



वार्षिक परीक्षा आटोपल्या, निकाल हाती पडले आणि मुले घरी आली. आता जूनच्या मध्यापर्यंत शाळेची घंटा वाजायची नाही. विदर्भात तर उन्हामुळे शाळा आणखी उशिरा उघडतात. पहिले आठ-दहा दिवस मजेत जातात. मामाच्या गावाला जाणे होते, आंबे खाणे होते. मग दुपारी उन्हापायी दार लोटून घेतले की घरात कटकट सुरू होते. थोरला मोबाइल सोडत नाही, धाकटी तो मागते, आजी दोघांवर ओरडते आणि आई भाकरी थापता थापता म्हणते, "एकदाची शाळा सुरू होऊ दे बाई!"

कामाच्या निमित्ताने लातूर-धाराशिव भागातल्या गावांतून माझे नेहमी हिंडणे असते. सुटीतल्या मुलांचे दोन प्रकार मला घरोघरी दिसतात. काही घरांत मूल मोकळे सोडलेले असते. काही घरांत त्याला दिवसभर "हे आण, ते दे, गुरांना पाणी दाखव, दुकानातून साखर घेऊन ये" असे पळवले जाते. यात मूल दमते, पण ते काही काम केल्यासारखे नसते. संध्याकाळी त्याला विचारा, आज काय केलेस? त्याला सांगता येत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की मुलाला एक काम पुरते सोपवा. त्याला सुरुवात असावी, शेवट असावा, आणि त्याचा जो निकाल येईल त्यावर घराने खरोखर काहीतरी ठरवावे. असे एक काम या दिवसांत सोयाबीन पेरणाऱ्या प्रत्येक घरात पडून असते. ते म्हणजे घरच्या बियाण्याची उगवण तपासणे.

शंभर दाण्यांचा हिशेब

2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या, ते तुम्ही विसरला नसाल. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी झालेल्या पावसाने बियाणे खराब झाले होते. दुबार पेरणीचे दुःख ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार पातळ असते. पोते वरून आपटले, मळणीयंत्र जोरात फिरले, दाणा ओला राहिला, की आतला कोंब मरतो आणि वरून दाणा मात्र चांगला दिसतो. म्हणून डोळ्यांनी पाहून बियाणे ठरवता येत नाही.

तपासणीला खर्च नाही. लागते ते ओले गोणपाट आणि मोजण्याचा धीर. दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला ही रीत एकदा नीट दाखवा.

बियाण्यासाठी राखलेल्या प्रत्येक पोत्यातून, वरचे, मधले आणि तळाचे असे मूठ-मूठ दाणे काढा व एकत्र मिसळा. त्यातून शंभर दाणे मोजायचे, असे तीन वेळा. इथे एक गोष्ट बजावून सांगा, दाणे निवडायचे नाहीत. हाताला येईल तो घ्यायचा. मोठ्या माणसांचा हात इथे चोरी करतो. टपोरा दाणा दिसला की बोटे आपोआप तिकडे जातात. मुले सांगितल्याप्रमाणे मोजतात, म्हणूनही हे काम त्यांना द्यावे असे मला वाटते.

मग गोणपाटाचा तुकडा भिजवून जमिनीवर पसरा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, दोन दाण्यांत बोटभर अंतर ठेवा. वरून दुसरा ओला तुकडा घाला आणि सैलसर गुंडाळी करून सावलीत ठेवा. अशा तीन गुंडाळ्या होतील. रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका द्यायचा. गोणपाट ओलसर राहिले पाहिजे, त्यातून पाणी निथळता कामा नये. तागाचे पोते हल्ली घरात सापडत नाही. तसे असेल तर जुन्या सुती धोतराचा किंवा लुगड्याचा तुकडा चालतो.

सातव्या-आठव्या दिवशी गुंडाळ्या उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही धड आहेत असेच दाणे उगवले म्हणून धरायचे. कुजलेले, बुरशी आलेले, नुसते फुगलेले, कोंब मोडलेले दाणे बाजूला काढायचे. समजा तीन गुंडाळ्यांत 64, 68 आणि 66 दाणे उगवले. बेरीज 198, सरासरी 66. म्हणजे उगवण शेकडा 66.

आता शाळेतले त्रैराशिक कामाला येते. उगवण 70 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. कमी असेल तर 70 ला 30 ने गुणायचे आणि आलेल्या उगवणीने भागायचे. 66 ने भागले तर 31.8 येतात. म्हणजे एकरी साधारण 32 किलो, दोन एकराला 64. उगवण 60 आली तर एकरी 35 किलो लागेल. आणि 60 च्याही खाली गेली तर ते पोते बियाणे म्हणून वापरू नका, बाजार दाखवा.

हे काम मेच्या मध्यावर व्हावे. निकाल वाईट आला तरी भावकीत, शेजारच्या गावात चांगले घरचे बियाणे शोधायला वेळ राहतो. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक असल्यामुळे दर वर्षी नवी पिशवी घेतलीच पाहिजे असे नाही. प्रमाणित बियाण्यापासून घरी केलेले बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते. मात्र विकतचे बियाणे औषध लावलेले, रंगीत असते. ते मुलांच्या हाती देऊ नका. घरच्या बियाण्याला पेरणीआधी औषध चोळायचे तेही मोठ्यांनीच चोळावे.

निकाल आला की मुलाने तो सगळ्यांपुढे सांगावा आणि वडिलांनी त्याप्रमाणे बियाणे काढावे. "बघू, ठरवू" म्हणून उडवून लावलेत तर पुढच्या वर्षी तो गोणपाटाला हात लावणार नाही, आणि त्याचे बरोबरच असेल.

मजूर वाचवण्यासाठी नव्हे

काही बंधू म्हणतील, एवढाले पोर घरात आहे तर मजुराचे पैसे वाचवू द्या की. इथे मी थोडा कडक बोलणार आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. 2016 च्या दुरुस्तीत घरच्या कामाला मदत करण्याची सूट आहे ती शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, आणि काम धोक्याचे नसेल तरच. दुसऱ्याच्या शेतात रोजाने पाठवणे त्यात बसत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी बापाच्या नात्याने काही कामे मुलाला सांगायचीच नाहीत.

फवारणी हे पहिले. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती चांगली धट्टीकट्टी माणसे होती. मुलाने पंप धरू नये, औषध ढवळू नये, रिकामा डबा धुऊ नये, फवारलेल्या रानात त्या दिवशी जाऊही नये. औषधाची बाटली पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवण्याची खोड तर मोडलीच पाहिजे.

कडबाकुट्टीजवळ मूल नको. पेंढी आत सरकवणारा हात क्षणात ओढला जातो. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून रानात फिरवणे, रोटाव्हेटर चालू असताना मागे चालू देणे, मोटारीचा स्टार्टर दाबायला पाठवणे, ही सारी आपल्या सवयीची गोष्ट झाली आहे म्हणून ती धोक्याची वाटत नाही, इतकेच.

पाण्याविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे. पूर्वी पोरे विहिरीत पोहायला शिकत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधलेला असे आणि काठावर चुलता नाहीतर मामा बसलेला असे. आता प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आली. वरून ती उथळ आणि निळीशार दिसतात, पोरांना मोह होतो. पण त्या कागदाला शेवाळ धरते, उतार निसरडा होतो, आणि पट्टीचा पोहणारा असला तरी त्याला बाहेर येताना पाय रोवायला जागा मिळत नाही. बुडालेल्याला काढायला उतरलेला दुसराही बुडतो. तुमचे शेततळे असेल तर या महिन्यातच चारी बाजूंना कुंपण घाला आणि प्रत्येक बाजूने एक जाड दोर, गाठी मारून, वरच्या खुंट्याला पक्का बांधून पाण्यात सोडून ठेवा. हवा भरलेली जुनी ट्यूब काठावर असू द्या. मुलांना पोहायला जरूर शिकवा, पण पायऱ्या असलेल्या विहिरीत आणि स्वतः सोबत उतरून.

उन्हाचेही भान ठेवा. मुलांचे बाहेरचे काम सकाळी दहापर्यंत आणि पाचनंतर. मधला वेळ घरातल्या कामाचा, झोपेचा आणि खेळाचा.

मुलीला सुटी असते का?

भगिनींनो, हा प्रश्न तुम्हाला आहे आणि तुमच्या मालकांनाही आहे. शाळा असते तेव्हा मुलगी निदान पाच-सहा तास पुस्तकात असते. सुटी लागली की झाडलोट, भांडी, पाणी, धाकट्या भावाला सांभाळणे हे सारे तिच्यावर येते आणि तिचा बारा वर्षांचा भाऊ पारावर बसलेला असतो. तुम्ही म्हणाल, तिला सासरी जायचे आहे, शिकायला हवे. शिकावे ना. पण भाकरी भावालाही खायची आहे. उद्या शिक्षणासाठी लातूर-पुण्याला खोली करून राहिला तर त्याला वरण-भात तरी टाकता यायला नको का?

म्हणून सांगतो, घरकाम दोघांत वाटा, आणि बियाण्याची तपासणी मुलीकडे द्यायला कचरू नका. मी पाहिलेल्या एका घरात आठवीतल्या मुलीने तीन पोत्यांची वेगवेगळी तपासणी केली. एक पोते बाद निघाले. आजोबांना ते पटेना. तिने त्यांना गुंडाळी उघडून कुजलेले दाणे एक-एक दाखवले. त्यानंतर पेरणीच्या गोष्टी निघाल्या की आजोबा तिलाही बोलावू लागले.

वाळवणाचे दिवस हेच. कुरडया, पापड, सांडगे गच्चीवर किंवा अंगणात घातले की कावळे हाकायला, उलटायला आणि दुपारी गोळा करायला मुलगे उत्तम. पापडाच्या लाट्या ते निम्म्या खातील. ती मजुरी समजा.

लिंबोळ्या मेअखेरीपासून पिकून पडू लागतात. लहान मुलेही त्या वेचू शकतात. गर चोळून काढायचा, बिया धुऊन सावलीत वाळवायच्या आणि हवा खेळेल अशा पोत्यात भरायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या तर बुरशी येते. शंभर लिटर पाण्याला पाच किलो लिंबोळी धरली की पाच टक्के अर्क होतो. एकराला दोनशे लिटर लागते असे धरून दहा किलो वेचण्याचे लक्ष्य मुलांपुढे ठेवा. अर्क काढणे आणि फवारणे मोठ्यांकडे.

नववी-दहावीच्या मुलाकडे घरच्या जमाखर्चाची वही द्या. खत कितीचे, नांगरटीला काय गेले, दुधाचे किती आले. पण ही वही द्यायची तर खरे आकडे सांगायची तयारी हवी, उधारीसकट. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी देऊ नये.

शेवटचे काम जूनचे. सोयाबीन पेरायला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो, हे आपण दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी पहिल्या सरीला चाडे धरतो. गावाच्या मंडळाचा पाऊस वेगळा आणि आपल्या शिवारातला वेगळा. सरळ उभ्या काठाचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा घ्या. झाडापासून आणि भिंतीपासून दूर मोकळ्यावर, कलंडणार नाही असा बसवा. रोज सकाळी एका ठरावीक वेळी मुलाने मोजपट्टी बुडाला टेकवून पाणी मोजायचे, वहीत तारीख घालून मिलिमीटर लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. पट्टीच्या टोकाला आकड्याआधी कोरी जागा असते, तेवढी धरायला विसरू नये. हवामान खाते साडेआठला मोजते, पण शाळा सुरू झाल्यावर ती वेळ जमणार नाही. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून सातची वेळ ठेवा, म्हणजे दप्तर पाठीला लावण्याआधी आकडा वहीत पडेल.