फुप्फुसांतील सूक्ष्म कणांचा निचरा

मळणीची धूळ व डिझेल इंजिनाचा धूर यांतील सर्व कण फुप्फुसांतून सारख्याच वेगाने बाहेर पडत नाहीत. श्वासनलिकांत अडकलेली धूळ तेथील सूक्ष्म केस कफासह घशाकडे लोटतात. हे कार्य बहुधा एका दिवसात उरकते. धुरातील, मिलिमीटरच्या १०,००० व्या भागाहूनही लहान असे कण मात्र खोल वायुकोशांत शिरतात. तेथे केस नसतात. भक्षक पेशींनाही इतके बारीक कण पुरते टिपता येत नाहीत. न विरघळणाऱ्या कणांच्या निचऱ्यास महिने, प्रसंगी वर्षेही लागतात. धूम्रपानाने तो अधिकच मंदावतो. यास्तव खोकला थांबताच छाती स्वच्छ झाली, असे समजू नये. नाकावर बांधलेल्या उपरण्याने हे कण पुरेसे अडत नाहीत. वारा येतो त्या बाजूस उभे राहून काम करावे.